आतेभावाच्या कॅप्सूल आणि बाबांचा उजवा हात

प्रश्न

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. त्यांचे वडील ६६ वर्षांचे, एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालेले, माळकरी. मधुमेह बारा वर्षांपासून, बीपीही जुनं. चार महिन्यांपूर्वी रात्री जेवताना त्यांच्या हातून घास पडला, बोलणं बोबडं झालं. दिवसभर उन्हात फिरल्याने दमले असतील म्हणून आईने हाताला तेल चोळलं आणि सगळे झोपले. सकाळी नऊ वाजता रुग्णालयात पोहोचेपर्यंत उजवी बाजू गेली होती. मेंदूच्या डाव्या भागात गुठळी अडकून पक्षाघात झाल्याचं निदान झालं. आता ते आधाराने चार पावलं चालतात. उजवा हात खांद्यातून थोडा हलतो. वाचा जवळपास गेली आहे, ‘माऊली’ एवढा एकच शब्द येतो.

आतेभाऊ एका साखळी विक्रीच्या कंपनीचं काम करतो. त्याने ‘मेंदूच्या पेशी पुन्हा जिवंत करणाऱ्या’ अँटिऑक्सिडंट कॅप्सूल आणून दिल्या. महिन्याला ५,४०० रुपये. दिवसाला दोन, प्रत्येकीत व्हिटॅमिन ई ४०० युनिट, शिवाय द्राक्षबियांचा, जिंकगो नावाच्या झाडाच्या पानांचा, ग्रीन टीचा अर्क आणि मिऱ्याच्या अर्कासह हळद. खर्चाचा मेळ बसेना म्हणून घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टचे आठवड्याचे पाच दिवस दोनवर आणले आहेत. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, “घ्यायच्या तर घ्या.” धाकट्या भावाने जपानमध्ये पक्षाघातावर अँटिऑक्सिडंट औषध देतात असं वाचलं आहे. शिक्षिका विचारतात: “चालू ठेवू का? फायदा झाला तर झाला, नुकसान तर नाही ना? निदान आपण काही करायचं बाकी ठेवलं नाही असं तरी वाटेल.”

उत्तर

ताई,

आधी उत्तर देते, कारण चार महिने तुम्ही त्याची वाट पाहताय. या कॅप्सूल थांबवाव्यात असं माझं मत आहे. त्या अचानक बंद केल्याने बाबांना काही होणार नाही, तेव्हा ती भीती मनात ठेवू नका. फक्त डॉक्टरांनी लिहून दिलेली एकही गोळी त्यांच्यासोबत चुकून बंद होऊ देऊ नका.

आता कारणं. ती लांबलचक आहेत, कारण तुमच्या भावाने वाचलं ते खोटं नाही. आतेभाऊ सांगतो त्याच्याही मुळाशी थोडं खरं विज्ञान आहे. अर्धं खरं असलेल्या गोष्टीला नाही म्हणणं फार जड जातं, हे मी पंचवीस वर्षं पक्षाघाताच्या घरांत जाऊन पाहिलंय.

गुठळीने रक्त अडलं की मेंदूच्या त्या भागाला प्राणवायू आणि साखर मिळेनाशी होते. पेशींचं ऊर्जा बनवण्याचं काम बिघडतं. पुढे रक्त पुन्हा वाहू लागलं, तरी आलेल्या प्राणवायूपासूनच काही अतिशय उतावीळ कण तयार होतात. त्यांना फ्री रॅडिकल्स म्हणतात. ते पेशीच्या आवरणातल्या चरबीला, प्रथिनांना, डीएनएला जाऊन भिडतात आणि तिथे मोडतोड करतात. मेंदू वजनाने शरीराच्या दोन टक्के, पण शरीरात येणाऱ्या प्राणवायूतला वीस टक्के एकटा वापरतो आणि चरबीने भरलेला असतो, म्हणून ही मोडतोड त्याला जास्त लागते. या कणांना शांत करणारे पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट. मग ते बाहेरून दिले तर मेंदू वाचेल, हा विचार कुणालाही सुचेल. शास्त्रज्ञांनाही तो सुचला आणि त्यांनी त्यावर आयुष्यं घालवली.

त्यातली एक गोष्ट तुम्हाला सविस्तर सांगते. ‘एनएक्सवाय-०५९’ नावाचं एक औषध होतं, फ्री रॅडिकल्स पकडणारं. प्राण्यांवर ते इतकं चांगलं चाललं की अ‍ॅस्ट्राझेनेका कंपनीने माणसांवर मोठी चाचणी घेतली. सुमारे १,७०० रुग्ण, झटका आल्यापासून सहा तासांच्या आत शिरेतून औषध. २००६ साली निकाल आला तेव्हा औषध मिळालेल्या रुग्णांत अपंगत्व थोडं कमी दिसलं. आम्हा डॉक्टरांमध्ये किती आनंद झाला होता, मला आठवतंय. पण त्या क्षेत्रातल्या लोकांनी एक शहाणपणाची गोष्ट केली होती. त्यांनी दुसरी, जवळपास दुप्पट मोठी चाचणी चालू ठेवली होती, सुमारे ३,३०० रुग्णांची. तिचा निकाल २००७ मध्ये छापून आला. फायदा काहीच नाही. पहिल्या वेळी दिसलेला फरक योगायोगाचा होता. औषध तिथेच थांबलं.

हे एकट्या त्या औषधाचं झालं नाही. टिरिलाझॅड नावाचं असंच दुसरं औषध होतं. त्याच्या सगळ्या चाचण्या एकत्र पाहिल्या तर औषध मिळालेल्यांमध्ये मृत्यू आणि अपंगत्व मिळून प्रमाण उलट वाढलेलं दिसलं. स्पेनमध्ये यूरिक आम्ल देऊन पाहिलं, तेही अँटिऑक्सिडंटच. २०१४ मध्ये ४११ रुग्णांचा निकाल आला, त्यात ठामपणे फायदा म्हणावं असं काही निघालं नाही.

प्राण्यांत चाललं आणि माणसांत का नाही? प्रयोगशाळेतला उंदीर तरुण असतो, त्याला बीपी नसतं, मधुमेह नसतो, आणि औषध बहुतेकदा गुठळी घालण्याआधी किंवा नंतर लगेच दिलेलं असतं. आपल्याकडचा रुग्ण साठीचा, दहा वर्षं साखर असलेला, आणि येतो काही तासांनी. औषध रक्तातूनच जायचं, आणि जिथे पोहोचायला हवं तिथलंच रक्त अडलेलं. ज्या मोडतोडीबद्दल आपण बोलतोय तिचा जोर पहिले काही तास आणि पहिले काही दिवस असतो. बाबांना आता चार महिने झालेत. ज्या पेशी त्या रात्री गेल्या त्या कुठल्याही कॅप्सूलने परत येत नाहीत. ‘पेशी पुन्हा जिवंत करणाऱ्या’ हे शब्द ज्याने छापले त्याने तुमच्या दुःखाचा फायदा घेतलाय, आणि याचा मला मनापासून राग येतो.

तुमच्या भावाला जपानचं उत्तर द्यायला हवं. त्याने वाचलेलं औषध एडाराव्होन. जपानने ते २००१ मध्ये गुठळीच्या पक्षाघातासाठी मान्य केलं, भारतातही मिळतं, आणि आपल्याकडची कित्येक रुग्णालयं वापरतात. बाबांचं डिस्चार्ज कार्ड काढून पाहा, कदाचित पहिल्या दिवसांत त्यांनाही दिलेलं असेल. ते सलाईनमधून देतात आणि झटका आल्यापासून चोवीस तासांत सुरू करतात. अमेरिकेने त्याला २०१७ मध्ये मान्यता दिली ती स्नायू झिजवणाऱ्या एका वेगळ्या आजारासाठी, पक्षाघातासाठी नाही. त्यावर अजून अभ्यास चालू आहे आणि उद्या त्याला पक्कं स्थान मिळालं तर मला आनंदच होईल. पण त्याचं नाव घेऊन चार महिन्यांनंतरची कॅप्सूल विकणं म्हणजे पेरणीच्या पावसाचा दाखला देऊन काढणीनंतर पाणी विकणं.

आता तुमचं ‘नुकसान तर नाही ना’. तुमच्यासारखी जवळजवळ प्रत्येक मुलगी, प्रत्येक सून हेच विचारते. व्हिटॅमिन म्हटलं की आपल्याला फळ-भाजी आठवते, मग त्यात काय वाईट असणार? पण त्या एका कॅप्सूलमधली ४०० युनिट म्हणजे शरीराच्या रोजच्या गरजेच्या पंधरा-वीस पट, आणि बाबा घेतात दोन. ते अन्न राहिलं नाही, औषधाचा डोस झाला, आणि मग औषधासारखाच त्याचा हिशेब मागायला हवा.

तो हिशेब मांडलेला आहे. अमेरिकेत १४,६४१ पुरुष डॉक्टरांनी स्वतःवर सुमारे आठ वर्षं हा प्रयोग करून घेतला. काहींना दिवसाआड ४०० युनिट व्हिटॅमिन ई, बाकीच्यांना तशीच दिसणारी रिकामी गोळी. २००८ मध्ये निकाल आला. हृदयविकाराचे झटके आणि एकूण पक्षाघात यांत फरक नाही. पण मेंदूत रक्तस्राव होऊन आलेले पक्षाघात व्हिटॅमिन घेणाऱ्यांत ३९ आणि न घेणाऱ्यांत २३. पुढे २०१० मध्ये नऊ चाचण्यांमधल्या १,१८,७६५ लोकांचा आकडा एकत्र मांडला गेला. व्हिटॅमिन ईने गुठळीचा पक्षाघात दहा टक्क्यांनी कमी, रक्तस्रावाचा बावीस टक्क्यांनी जास्त.

आतेभाऊ हुशार असेल तर म्हणेल, “ताई, बघ, दहा टक्के कमी झालाच ना? आणि मामांना गुठळीचाच होता.” त्याचं म्हणणं उडवून लावू नका, त्याला उत्तर आहे. रक्तस्रावाचा पक्षाघात जास्त जीवघेणा असतो. त्या चाचण्यांमधले बहुतेक लोक आधी पक्षाघात न झालेले होते. आणि बाबा रोज क्लोपिडोग्रेल घेतात, म्हणजे त्यांचं रक्त गोठणं आपण आधीच मुद्दाम कमी केलंय. त्यावर दिवसाला ८०० युनिट व्हिटॅमिन ई, वर जिंकगो आणि हळदीचा घट्ट अर्क, हे सगळे त्याच बाजूला ढकलू शकणारे पदार्थ. हळद भाजीतली, दुधातली असेल तर खुशाल द्या. मिऱ्याचा अर्क घालून कितीतरी पटींनी शोषली जाईल अशी केलेली हळद निराळी. तिने आणि ग्रीन टीच्या अर्काने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. बाबांच्या हिरड्यांतून रक्त येतं का, अंगावर कारण नसताना निळे-काळे डाग पडतात का, संडास काळी होते का, हे आज बघा. असेल तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

‘घ्यायच्या तर घ्या’ म्हणणाऱ्या डॉक्टरांवर चिडू नका असं मी म्हणेन, जरी मला ते उत्तर आवडलेलं नाही. बाहेर चाळीस माणसं बसलेली असताना ‘व्हिटॅमिनच्या गोळ्या देऊ का’ एवढंच कानावर पडलं तर असं उत्तर निघतं. पुढच्या वेळी प्रश्न तोंडी विचारू नका. घरात आहे नाही ते सगळं एका पिशवीत भरा, डॉक्टरांच्या गोळ्या, या कॅप्सूल, वैद्यांचा काढा, आईने कुणाच्या सांगण्यावरून आणलेली भुकटी, आणि ती पिशवी टेबलावर ठेवून म्हणा, “यातलं काय एकमेकांशी जुळत नाही ते सांगा.” डबीवरचं लेबल पाहून डॉक्टर वेगळं बोलतात. डबीत बायोटिन (हेही एक बी व्हिटॅमिन) असेल तर तेही दाखवा. त्याने थायरॉइडसारख्या काही रक्ततपासण्यांचे आकडे चुकू शकतात.

लेबल तुम्हीही भिंग लावून वाचा. अशा डब्यांवर कुठेतरी बारीक इंग्रजी अक्षरांत ‘औषधी वापरासाठी नाही’ असं लिहावं लागतं, कारण त्यांचा परवाना खाद्यपदार्थाचा असतो. आणि आपल्याकडे १९५४ पासून एक कायदा आहे, जादूटोण्याच्या आणि फसव्या औषधी जाहिरातींवरचा. ज्या आजारांवर उपचाराची जाहिरातच करायला बंदी आहे त्यांची त्याला एक यादी जोडली आहे. लकवा त्या यादीत आहे. सत्तर वर्षांपूर्वी कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक होतं की लकव्याचं घर किती अगतिक असतं.

पत्राच्या शेवटी तुम्ही आतेभावाने करून दाखवलेला पेल्याचा प्रयोग लिहिलाय. पाण्यात जखमेवरच्या तपकिरी औषधाचे थेंब टाकले, मग कॅप्सूल फोडून टाकली आणि पाणी क्षणात स्वच्छ झालं, “असंच मामांच्या मेंदूतलं विष निघणार.” आई तेव्हा रडली. ताई, तुम्ही शिकवता, तर हा प्रयोग वर्गात करून पाहा. त्या तपकिरी औषधात आयोडीन असतं, आणि व्हिटॅमिन सी किंवा ग्रीन टीच्या अर्कासारखे अँटिऑक्सिडंट पदार्थ त्याचा रंग घालवतात. लिंबू पिळलंत तरी तो रंग जातो. पेल्यात ना मेंदू असतो, ना गुठळी.

तरीही बाबांना पोटातून काही कमी पडत असण्याची एक खरी शक्यता आहे आणि तिच्याकडे कुणी पाहिलेलं दिसत नाही. ते माळकरी, म्हणजे मांस-मासे-अंडी नाहीत. मधुमेहासाठी बारा वर्षं मेटफॉर्मिन. या दोन्हींनी शरीरातलं बी-१२ कमी होतं. ते कमी असेल तर हातापायाला मुंग्या, तोल जाणं, विसरभोळेपणा, थकवा हे सगळं होतं आणि घरचे ते पक्षाघाताच्या खात्यात टाकून मोकळे होतात. बी-१२ची तपासणी करून घ्या. कमी निघालं तर इंजेक्शन किंवा गोळ्या डॉक्टर देतील, आणि त्या या कॅप्सूलच्या मानाने अगदी स्वस्त पडतील. सरसकट सगळ्यांना बी व्हिटॅमिन देऊन पुढचा झटका टळतो का, हे ८,१६४ रुग्णांवर पाहिलं गेलं, २०१० साली, आणि तसं ठोस काही दिसलं नाही. तपासून सापडलेली कमतरता भरून काढणं आणि कमतरता आहे की नाही हे न बघता ओतत राहणं, यांत मी फरक करते.

ब्रिटनमध्ये वीस हजारांवर लोकांची एक चाचणी झाली, २००२ साली निकाल आला. हृदयरोगाचे, मधुमेहाचे, आधी पक्षाघात होऊन गेलेलेही त्यात होते. त्यांना पाच वर्षं व्हिटॅमिन ई, सी आणि बीटा-कॅरोटीन दिलं. रक्तातलं व्हिटॅमिनचं प्रमाण छान वाढलं, झटके मात्र जेवढे यायचे तेवढेच आले. त्याच चाचणीत, त्याच माणसांत, कोलेस्टेरॉलची साधी स्टॅटिन गोळीही तपासली होती. तिने पक्षाघात साधारण चौथ्या हिश्श्याने कमी झाले. बाबांच्या चिठ्ठीत त्याच जातीची गोळी आहे, अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन. तुम्ही लिहिलंय की ती ‘कधीकधी राहून जाते’, आणि कॅप्सूल मात्र आई घड्याळ लावून देते. हे उलटं करा, एवढं माझं ऐका.

बीपीचंही तेच. आधी पक्षाघात झालेल्या सहा हजारांवर रुग्णांमध्ये बीपीच्या गोळ्यांनी पुढचा झटका अठ्ठावीस टक्क्यांनी कमी झाला, २००१ मध्येच हे सिद्ध झालंय. तुमच्या अख्ख्या पत्रात बाबांचं आजचं बीपी किती ते नाही. एका महिन्याच्या कॅप्सूलच्या पैशांत दंडाला पट्टा बांधायचं बीपीचं चांगलं मशीन येतं आणि पैसे उरतात. बाबांना पाच मिनिटं टेकून, पाय जमिनीवर ठेवून बसवा आणि बीपी डाव्या हातावर घ्या, लुळ्या हातावर आकडा चुकू शकतो. वहीत तारखेसह लिहा. बहुतेकांसाठी १३०/८०च्या खाली राहावं असं पाहतात, बाबांचा आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्या. आणि मीठ. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा. माळकरी घरातला उपवासाचा वेफर, पापड, लोणचं, ताटाच्या कडेला वाढलेलं मीठ, हे सगळं त्या चमच्यात मोजायचं.

अँटिऑक्सिडंट हवेतच ना? मग ते ताटातून येऊ द्या. पेरू, आवळा, लिंबू, मेथी, शेवग्याचा पाला, मूठभर भाजलेले बिनमिठाचे शेंगदाणे. एका मध्यम पेरूत दिवसभराच्या गरजेपेक्षा जास्त व्हिटॅमिन सी असतं. भाज्या-फळं भरपूर खाणाऱ्यांना पक्षाघात कमी होतात हे अनेक देशांत दिसलंय. त्यातला एकेक पदार्थ काढून डबीत भरला की तो गुण का उरत नाही, यावर अजून वाद आहेत. फक्त बाबांना गिळताना ठसका लागतो का ते आधी पाहा. लागत असेल तर पेरूच्या फोडी आणि शेंगदाणे देऊ नका. कुस्करून, दाटसर करून काय द्यायचं ते वाचाउपचार तज्ज्ञाला विचारा. रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी गोळी ज्यांच्या चिठ्ठीत आहे त्या इतर वाचकांनी पालेभाजीचं प्रमाण एकदम वाढवू किंवा कमी करू नये. बाबांना ती गोळी नाही.

आणि आता ज्याच्यासाठी मी हे पत्र निवडलं ते. फिजिओचे तीन दिवस.

पक्षाघातानंतर मेंदूच्या ज्या पेशी गेल्या त्या गेल्या, पण शेजारच्या पेशी त्यांचं काम शिकू शकतात. त्या शिकतात सरावाने, शेकडो वेळा केलेल्या एकाच हालचालीने. हे शिकणं पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सगळ्यांत भराभर होतं. नंतर थांबत नाही, पण मंदावतं. बाबा आज चौथ्या महिन्यात आहेत. म्हणजे ज्या दिवसांत मेंदू शिकायला सर्वांत तयार आहे, नेमक्या त्याच दिवसांत आपण शिकवणी कमी केली आणि ते पैसे डबीला दिले. घरी येणारे पाचशे रुपये घेतात असं तुम्ही लिहिलंय. ५,४०० रुपयांत महिन्याचे दहा दिवस परत येतात. ‘फायदा झाला तर झाला’ म्हणताना हे नुकसान तुमच्या हिशेबात धरलेलंच नव्हतं. तुमच्या हेतूत मी काडीचा दोष काढत नाही. कॅप्सूलची पावती समोर दिसते, राहून गेलेला व्यायाम दिसत नाही.

घरच्यांनीच शिकून व्यायाम घेतला तर चालेल का, असं पुष्कळजण विचारतात. भारतातल्या चौदा रुग्णालयांत नेमकं हेच तपासलं गेलं, १,२५० रुग्णांवर, २०१७ मध्ये निकाल आला. कुटुंबाला शिकवून घरी पाठवल्याने नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्तीचा फायदा दिसला नाही. म्हणून जाणत्या माणसाला काढून टाकू नका. ते आखून देतील, तपासतील, पुढचा टप्पा ठरवतील, आणि मधल्या दिवसांत तुम्ही ते गिरवून घ्या. रोजचे पैसे झेपत नसतील तर जिल्हा रुग्णालयाच्या किंवा जवळच्या फिजिओथेरपी कॉलेजच्या बाह्यरुग्ण विभागात चौकशी करा. तिथे फार कमी पैशांत होतं. एक सूचना आजपासून पाळा: बाबांना उठवताना उजवा हात ओढायचा नाही, काखेत हात घालून उचलायचं नाही. सैल पडलेला खांदा त्याने निखळतो, आणि मग दुखण्यामुळे माणूस व्यायामच नाकारतो.

आता त्या रात्रीच्या चार ओळी. कॅप्सूलबद्दल तुम्ही दोन पानं लिहिलीत आणि त्या रात्रीबद्दल चारच ओळी, पण त्यातल्या दोन खोडून पुन्हा लिहिलेल्या आहेत. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांत द्यावं लागतं हे तुम्हाला रुग्णालयात कळलं आणि तेव्हापासून तुम्ही घड्याळ मागे फिरवत बसला आहात. खरं सांगते, वेळेत पोहोचलात तरी ते इंजेक्शन प्रत्येकाला देता येत नाही, आणि दिलेल्या प्रत्येकाला पूर्ण बरं करत नाही. बाबा नक्की धडधाकट राहिले असते असं कुणीही तुम्हाला सांगू शकणार नाही. वेळ महत्त्वाचा होता, हे मी लपवणार नाही. पण आईला ते माहीत नव्हतं. तिला जे माहीत होतं, तेल चोळणं, ते तिने मायेने केलं. ‘काही करायचं बाकी ठेवलं नाही असं वाटेल’ हे वाक्य मला त्या रात्रीचं वाटतं. त्या रात्रीची भरपाई महिन्याला ५,४०० रुपयांनी होणार नाही, वर्षानुवर्षं भरलीत तरी. आईशी एकदा यावर बोला. तीही तेच घेऊन बसली असणार, म्हणून तर ती कॅप्सूलसाठी घड्याळ लावते.

पुन्हा कधी, कुणालाही, तोंड एका बाजूला ओढलं गेलं, हात उचलता येईना, बोलणं लडबडलं, तर लक्षणं कधी सुरू झाली ती वेळ लिहून ठेवायची आणि १०८ला फोन करायचा. तेल, पाणी, गोळी, काहीही तोंडात घालायचं नाही. सीटी स्कॅन जिथे रात्री होतो असं जवळचं रुग्णालय कोणतं, ते आजच विचारून ठेवा आणि फ्रिजवर लिहा. शाळेतल्या मुलांनाही हे शिकवा.

आतेभावाचं काय? त्याच्याशी भांडू नका. त्यालाही वरून कुणीतरी हेच पढवलंय आणि बहुतेक त्याचे स्वतःचे पैसे त्यात अडकलेत. ‘डॉक्टरांनी बंद करायला सांगितलं’ अशी पळवाट काढलीत तर तो पुढच्या महिन्यात दुसरी डबी आणेल. सरळ सांगा, “दादा, हे आम्ही थांबवतोय. पण मामांना संध्याकाळी अंगणात चालवायला एक धट्टाकट्टा माणूस लागतो, तू आठवड्यातून तीनदा येशील का?” त्याला मामांसाठी खरंच काही करायचं असेल तर तो येईल. न उघडलेल्या डब्या परत घेण्याची मुदत अशा कंपन्यांत असते, त्याच्याकडून ती वापरून घ्या.

शेवटचं. तुम्ही लिहिलंय, “बाबांना विचारून काय उपयोग, त्यांना बोलता येत नाही.” मेंदूच्या डाव्या बाजूच्या पक्षाघातात शब्द जातात, समज पुष्कळदा शिल्लक असते. किती शिल्लक आहे ते वाचाउपचार तज्ज्ञ तपासून सांगतात, आणि ती तपासणी अजून झालेली नाही, ती करून घ्या. तोवर हो-नाहीचे प्रश्न विचारा, एका वेळी एकच, आणि उत्तराला वेळ द्या. मान, डोळे, डावा हात, जे हलेल ते उत्तर समजा. ते गप्प असतात, जेवत नाहीत, रात्री डोळ्यांत पाणी असतं, असंही तुम्ही सहज लिहून गेलात. पक्षाघातानंतर जवळपास तिघांतल्या एकाला नैराश्य येतं आणि त्याला औषध आहे. हे डॉक्टरांना नक्की सांगा.

आणि एक करून पाहा. ज्यांना साधा शब्द उच्चारता येत नाही अशा कित्येकांना पाठ झालेलं गाणं येतं, कारण सूर आणि सवयीचे शब्द मेंदूत निराळ्या वाटांनी येतात. त्यावर बेतलेली उपचारपद्धतही आहे. बाबांनी चाळीस वर्षं भजन म्हटलंय. संध्याकाळी कॅप्सूलच्या वेळेला घड्याळ वाजलं की त्यांच्या डाव्या हातात टाळ द्या, समोर बसा आणि त्यांच्या रोजच्या चालीत, सावकाश, तुम्ही सुरू करा. मध्येच एखाद्या शब्दापाशी थांबा. तो शब्द त्यांना म्हणू द्या. ‘माऊली’ त्यांना येतंच, तिथून सुरू करा. महिन्याभराने काय काय शब्द आले ते मला कळवा, आणि सोबत बीपीची वहीही.